जाण्याआधीचे दहा दिवस

जून उजाडला की आखातातल्या हवल्लीच्या शाखेत शिकवण्यासारखं फारसं काही उरत नसे. चाचणी झालेली, वह्या तपासून झालेल्या, अर्ध्या मुलांची विमानाची तिकिटंही काढून झालेली. बाहेर सकाळी आठलाच चाळीस डिग्री आणि धुळीचा पडदा, त्यामुळे मुलांना मैदानावर सोडायचीही सोय नाही. अशा दिवसांत एखाद्या वर्गाचा तास रिकामा पडला की हरिश्चंद्र सर स्वतःच तिथे जाऊन बसत.

सर या शाखेचे इनचार्ज होते. मुख्य शाळा सालमियाला. मॅनेजमेंट, मोठे प्रिन्सिपल, शिक्के, सह्या, सगळं तिकडे. हवल्लीची शाखा म्हणजे आठवीपर्यंतचे वर्ग, भाड्याची दोन मजली इमारत आणि तिच्यावर तिकडून नेमलेला एक माणूस. नऊ वर्षं तो माणूस म्हणजे हरिश्चंद्र सर. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला होता, आणि खरं विचारलं तर त्यांना आवडायचं तेवढंच. इनचार्ज झाल्यापासून त्यांच्या टेबलावर बसचे मार्ग, गळणारे एसी आणि शिक्षकांच्या रजा येऊन पडत. आता ते थकले होते. झोप पुरी होऊनही सकाळी बुटाची लेस बांधायला वाकायचा कंटाळा येई, असा तो थकवा होता. दोन आठवड्यांनी, शुक्रवारी, त्यांचं आणि प्रभाबाईंचं पुण्याचं विमान होतं. परत न येण्याचं.

त्या गुरुवारी ते आठवीवर गेले. मुलं पेंगुळलेली होती. रेहान नावाचा एक उंच मुलगा जागा होता, त्याने विचारलं, "सर, पोप म्हणजे धर्मगुरू ना? मग पुस्तकात त्यांचं राज्य असं का लिहिलंय? धर्मगुरूचं राज्य कसं असेल?"

वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. सरांच्या कानात मात्र ते वर्षानुवर्षं मराठीतच उमटत आलं होतं.

"चांगलं विचारलंस," ते म्हणाले आणि उठले. फळ्यावर त्यांनी इटलीचा बूट काढला. बुटाच्या मधोमध खडू आडवा धरून एक रुंद पट्टा रंगवला. "हा पोपचा मुलूख. सात-आठशे वर्षांपूर्वीचं सांगतोय. रोम इथे. आता रोममध्ये बसून इथल्या, डोंगरापलीकडच्या गावात कोण चोरी करतो, कुठला पूल पडायला आलाय, हे कसं बघणार?"

"सीसीटीव्ही," मागून कोणीतरी म्हणालं.

"त्यांच्याकडे तुझ्यासारखे हुशार नव्हते म्हणून त्यांनी प्रांत पाडले. प्रत्येक प्रांतावर एक माणूस नेमला. त्याला म्हणायचे रेक्टर. आपल्याकडे सुभेदार असायचा, तसाच साधारण. न्याय त्याने द्यायचा, शिपाई त्याच्या हाताखाली. गावांच्या स्वतःच्या पंचायती असायच्या, त्यांच्याशी भांडणंही त्यानेच करायची."

"म्हणजे तुम्ही," अंतरा म्हणाली. पहिल्या बाकावरची ही मुलगी मराठी घरातली. वडील जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात टेक्निशियन. सर तिच्याशी मराठीत बोलत आणि ती उत्तर इंग्रजीत देई. "तुम्हालाही सालमियाहूनच पाठवलंय."

वर्ग हसला. सरही हसले.

"बरं, मी. पण याच्या अटी ऐका. तो सहसा त्या प्रांतातला नसायचा. का? गावातलाच असला तर मेव्हण्याच्या बाजूने निकाल देईल. दुसरं, खजिनदार वेगळा, आणि तो थेट पोपने नेमलेला. त्याला काढायची ताकद रेक्टरकडे नाही. म्हणजे दोघं एकमेकांवर डोळा ठेवून. पेशव्यांनीही सुभ्यावर थेट आपले हिशेबनीस, म्हणजे दरकदार, नेमून हेच केलं. तिसरं, भेटवस्तू घ्यायची नाही. खाण्यापिण्याचं चालेल, पण दोन-चार दिवसांत संपेल इतकंच."

"समोसे चालतील?" रेहानने विचारलं.

"समोसे दोन दिवस टिकत असतील तर तुझ्या घरच्यांचं कौतुक आहे."

आता वर्ग जागा झाला होता. सरांनाही बरं वाटत होतं. त्यांनी पुढे सांगितलं की मधली सत्तर-एक वर्षं पोप स्वतःच फ्रान्समध्ये जाऊन राहिले. रेक्टरने पत्र पाठवलं तर उत्तराला कित्येक आठवडे लागत.

"मग तोवर रेक्टर काय करायचा?" अंतराने विचारलं.

"काहीजण विचारून वाट बघायचे. काहीजण विचारायचेच नाहीत. स्वतःच ठरवायचे आणि लोकांना सांगायचे, वरून हुकूम आलाय." इथे सर क्षणभर थांबले. खडू टेबलावर ठेवून त्यांनी हात झटकले. "तेव्हाच्या लोकांना हे कळत होतं. म्हणून त्यांच्याकडे एक रीत होती. नेमलेल्या माणसाची मुदत संपली की त्याला लगेच निघता येत नसे. आणखी काही दिवस तिथेच थांबायचं. कुठे दहा, कुठे पंधरा. गावात दवंडी पिटायची की साहेब चाललेत, कोणावर अन्याय झाला असेल त्याने येऊन सांगावं. निकाल साहेबाने नाही द्यायचा, वेगळे पंच बसायचे. सगळं मिटलं की मग घोड्यावर बसायचं."

वर्गात शांतता पसरली. अशी शांतता म्हणजे मुलांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे बावीस वर्षांच्या अनुभवाने सरांना कळलं.

"सर," अंतरा म्हणाली, "तुम्ही पण चाललात ना?"

* * *

रविवारपासून, शुक्रवार-शनिवारची सुट्टी वगळून, दहा दिवस बसायचं ठरलं. शाळेचे दहाच दिवस उरले होते, तेही जुळून आलं. जागा लायब्ररीतलं खिडकीजवळचं टेबल, वेळ मधल्या सुट्टीची. पंच अंतरा आणि रेहान. अंतराने घरून एक जाड वही आणली आणि तिच्यावर लेबल चिकटवलं. नोटीस बोर्डावर कागद लागला: हरिश्चंद्र सरांबद्दल तक्रार असल्यास लायब्ररीत यावे, भीती बाळगू नये. शेवटचे तीन शब्द रेहानने स्वतःच्या अक्कलहुशारीने घातले होते.

सरांना वाटलं होतं, मुलांचा खेळ आहे, दोन दिवसांत विरेल. पण पहिल्याच दिवशी रांग लागली. पाचवीतला फैजान आला. सरांनी त्याचा फुटबॉल जप्त केला होता आणि तो फुटबॉल त्याचा नव्हताच, चुलतभावाचा होता.

"त्याचं असं झालं की..." सर सांगू लागले.

"सर, खुलासा नंतर," अंतरा म्हणाली. "आधी सांगा, घेतला होता का?"

"घेतला होता."

"दोषी," रेहान म्हणाला आणि अंतराने लिहून घेतलं. फुटबॉल कपाटातून निघाला तेव्हा त्यातली हवा गेलेली होती. पंचांनी सरांना हवा भरून द्यायची शिक्षा दिली.

दुसऱ्या दिवशी बसमधल्या मावशी आल्या. सुट्टीची घंटा पाच मिनिटं उशिरा होते आणि तेवढा वेळ त्यांना उन्हात उभं राहावं लागतं, नऊ वर्षं. सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घंटा आपल्या घड्याळाप्रमाणे होते आणि आपलं घड्याळ मागे असतं, हे त्यांना नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जुईली मॅडम आल्या. चार वर्षांपूर्वी लागलेल्या या तरुण शिक्षिकेने हसत हसत पण स्पष्ट विचारलं, "गुरुवारचा शेवटचा तास दर वर्षी माझ्याच माथी का, सर?"

"कारण तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत," सरांनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे नाही म्हणायला हवं होतं."

"हो."

हे सगळं होताना सरांच्या एक गोष्ट लक्षात आली. दार वाजलं की ते मान वर करून बघत, आणि दारात दुसरं कोणी दिसलं की पुन्हा खुर्चीत टेकत. फरहत मॅडम आलेल्या नाहीत, म्हणून.

फरहत मॅडम प्राथमिकला हिंदी शिकवत. दापोलीकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या. नवरा मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीच्या कंत्राटात. शाळेत आवाज न चढवता काम करणारं कोण, असं विचारलं तर कोणीही त्यांचंच नाव सांगितलं असतं. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्यांचे वडील आजारी पडले. त्यांनी पाच दिवसांच्या रजेचा अर्ज मेलने सरांकडे पाठवला. रजा मंजूर करायचा अधिकार सालमियाचा. सरांनी अर्ज पुढे पाठवायचा आणि आलेलं उत्तर सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती, तीन शिक्षक आधीच रजेवर होते. शिवाय चारच दिवसांपूर्वी सालमियाहून फोनवर ऐकवलं गेलं होतं की प्रत्येक रजा आमच्या टेबलावर काय टाकता, इनचार्ज कशासाठी नेमलाय. सरांनी ठरवलं, संध्याकाळी पाठवू. संध्याकाळी वाटलं, सकाळी. सकाळी फरहत मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून 'मी सोडू शकत नाही' हे म्हणणं जमेना. म्हणून सर म्हणाले, "मी विचारलं. वरून नकार आला. मला वाईट वाटतं."

"तुम्ही विचारलंत, तेवढं पुरे," त्या म्हणाल्या होत्या.

वडील चौथ्या दिवशी गेले. मयत त्यांनी फोनवर पाहिली, स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत. आणि त्यानंतर दर ईदला सरांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा येऊ लागला.

प्रभाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात घरी खोक्यांच्या गराड्यात बसून त्या म्हणाल्या, "जायच्या आधी फरहतला जेवायला बोलावू या का? बिचारी दर ईदला आठवण ठेवते. तुमच्या शाळेतलं दुसरं कोण करतं एवढं?"

"बघू," सर म्हणाले.

"बघू काय? आणि ते तक्रारींचं काय खूळ काढलंय तुम्ही? माझीही एक लिहून घ्या म्हणावं. एकतीस वर्षं 'बघू' ऐकतेय."

सर हसले नाहीत. त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. विमानात बसलं की हे सगळं मागे राहील, अशी त्यांची कल्पना होती. फरहत मॅडम आल्या नाहीत तर तसंच होईल. आल्या तर काय करायचं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि ठरवायची ताकदही वाटत नव्हती.

* * *

त्या आठव्या दिवशी आल्या, मंगळवारी. लायब्ररीत दुसरं कोणी नव्हतं. एसी घरघरत होता. खिडकीबाहेर सगळं मातकट पिवळं.

सरांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी खाली ठेवला. "या," ते म्हणाले.

फरहत मॅडम खुर्चीत बसल्या, ओढणी सारखी केली आणि पंचांकडे वळल्या. "अंतरा बेटा, मराठीत लिहिता येतं ना तुला? मग लिही. माझी काही तक्रार नाही."

"मिस, मग लिहायचं काय?" रेहानने विचारलं. हे फक्त तक्रारींचं ऑफिस आहे, अशी त्याची समजूत होती.

"का, चांगलं लिहायला बंदी आहे काय? सर जातायत. जो उठतो तो फुटबॉल नि घंटा घेऊन येतो. एकाने तरी दुसरं काही सांगावं. लिही. माझे अब्बा आजारी होते तेव्हा सरांनी माझ्या रजेसाठी वर विचारलं. मिळाली नाय ती गोष्ट वेगळी. ती वरच्यांची जबाबदारी, वरच्यांचं त्यांना विचारील विचारणारा. पण सरांनी विचारलं."

अंतरा लिहू लागली. मराठी तिला हळू लिहावं लागे, प्रत्येक अक्षरावर पेन दाबून. सर त्या पेनाकडे बघत होते. 'सरांनी माझ्या रजेसाठी' इतकं झालं होतं. मुलीने जीभ दातांत धरली होती आणि 'वर'चा व नीट गोल काढत होती.

बावीस वर्षं त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती: लिहिलेलं टिकतं, म्हणून लिहिताना विचारायचं, हे कोणी पाहिलं होतं? मुलं विसरतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण ही मुलगी आता त्यांच्यासमोर, त्यांच्या सांगण्यावरून मांडलेल्या वहीत, खोटं लिहीत होती, आणि अक्षर चांगलं यावं म्हणून धडपडत होती.

"अंतरा, थांब," सर म्हणाले. "ते लिहू नकोस."

"स्पेलिंग चुकलं?"

"नाही. ते खरं नाही." मग त्यांनी फरहत मॅडमकडे पाहिलं. "मी विचारलं नव्हतं. अर्ज पुढे पाठवलाच नाही मी."

रेहानने अंतराकडे पाहिलं. अंतराने पेनाला टोपण लावलं.

"बाळांनो, जा, पाणी पिऊन या," फरहत मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "सावकाश या."

मुलं गेली. दार लागल्याचा आवाज झाला. मॅडमनी टेबलावरची वही बंद केली, उगाचच, आणि विचारलं, "का?"

सरांनी सांगितलं. तपासणी, तीन शिक्षक, सालमियाचा फोन, संध्याकाळ, सकाळ. सांगता सांगता त्यांना ऐकू येत होतं की यातलं एकही कारण मोठं नाही.

"चार ईद डबा पाठवला मी तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"आणि त्या सालमियाच्या डायरेक्टरना चार वर्षं सलाम केला नाही. समोर आले की तोंड फिरवायची. त्यांना वाटत असेल, ही बाई वेडी आहे." त्यांनी वही थोडी बाजूला सरकवली. "आई विचारायची, कसली माणसं गं तुझी, पाच दिवस देत नाहीत. मी सांगायची, आमचे सर चांगले आहेत, वरचे वाईट."

माफी मागायला सरांनी तोंड उघडलं, पण शब्द पोकळ वाटले.

"विचारलं असतं तर दिली असती का त्यांनी?"

"माहीत नाही. तेच तर. मी कळूच दिलं नाही."

"मग आता विचारा."

"आता?"

"अर्ज असेल ना मेलमध्ये? पाठवा. मला जाणून घ्यायचंय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. खरं तर त्या घटकेला ती फरहत मॅडमही नव्हती. बापाच्या मयतीला न पोचलेली एक थकलेली मुलगी होती, आणि तिने एक सरळ गोष्ट मागितली होती. त्यांनी लॅपटॉप उघडला. चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी शोधायला वेळ लागला. अर्ज तिथेच होता, तीन ओळींचा. त्यांनी तो सालमियाच्या रजेच्या ऑफिसला पुढे पाठवला. वर काही लिहावं असं मनात आलं, पण काय लिहिणार? नुसताच पाठवला.

दोघं बसून राहिली. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, आता ती वेळेवर होत होती. मुलं वर्गांत परतल्याचा गलबला झाला आणि ओसरला. मॅडमचा तास रिकामा होता. त्या उठल्या नाहीत.

अकरा-बारा मिनिटांनी लॅपटॉप किणकिणला. सरांनी वाचलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. ऑफिसातल्या यूसुफचं उत्तर होतं, एका ओळीचं. रजा मंजूर, पाच दिवस, उद्यापासून. वडिलांना लवकर बरं वाटो.

"तारीख बघितली नाही त्याने," सर म्हणाले.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली असावी. डोळे भरले, पण त्यांनी ते वाहू दिले नाहीत, ओढणीच्या टोकाने टिपून टाकले.

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "बस, एवढंच होतं."

मग उठल्या. "उद्यापासून येत नाही मी. तिकीट मिळालं तर आईकडे जाते."

"सुट्टी पुढच्या आठवड्यात लागतेच आहे..." सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ती सुट्टी सगळ्यांची आहे. मला ही हवी." त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "वहीत काय ते लिहायला सांगा मुलीला. अर्धं वाक्य ठेवू नका."

* * *

अंतरा आणि रेहान परत आले तेव्हा सरांनी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. अर्धं वाक्य तसंच होतं. "पुढे लिही," ते म्हणाले. "विचारलं नव्हतं. आणि खाली माझी सही घे."

अंतराने लिहिलं. मग पंच म्हणून आपलं काम आठवून ती हळूच म्हणाली, "सर, शिक्षा काय लिहायची?"

"ती मॅडमनी ठरवली आहे."

"काय?"

"उद्या दिसेल."

शाळा सुटल्यावर यूसुफचा फोन आला. कोकणातलाच पोरगा, रायगडकडचा, बोलणं गडबडीचं. "सर, त्या फरहत मॅडमची मेल जुनी होती काय? मी आपला उघडली नि मंजूर केली. आता बघतो तर चार वर्षांपूर्वीची. चुकून पाठवलीत का तुम्ही? कॅन्सल करू?"

"नको," सर म्हणाले. "चुकून नाही. राहू दे ती."

"पण सर, आता स्टाफ कुठे आहे तुमच्याकडे? तास कोण घेणार?"

"ते मी बघतो. यूसुफ, एक सांग. तेव्हा पाठवली असती तर?"

पलीकडे तो क्षणभर गोंधळला. "तेव्हा म्हणजे? अशा रजेला कोण नाही म्हणतं, सर? बापाचं दुखणं. आमचे साहेब रजांवरून कितीही तोंड टाकोत, असल्या अर्जाला कधी अडवत नाहीत." थोडं थांबून त्याने विचारलं, "का हो सर? काही झालं होतं का?"

"झालं होतं," सर म्हणाले. "माझ्याकडून झालं होतं. तुझ्या साहेबांनाही सांगून टाक."

फोन ठेवून ते तसेच खुर्चीत बसून राहिले. ड्रायव्हर दोनदा दारात येऊन गेला.

घरी प्रभाबाईंनी जेवताना पुन्हा विचारलं, "मग, गुरुवारी फरहतला बोलवायचं का?"

"ती गावी जातेय," सर म्हणाले, आणि मग भात कालवता कालवता सगळं सांगितलं. प्रभाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी ताकाची वाटी त्यांच्याकडे सरकवली. "दर ईदला तुम्ही दोन दोन वाट्या घ्यायचात," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठून उरलेली भांडी कागदात गुंडाळायला गेल्या.

बुधवारी सकाळी सहाला शाळेत येऊन सरांनी बदली तासांचा तक्ता काढला. अर्धे शिक्षक आधीच भारतात. उरलेल्यांपैकी जुईली मॅडमचा एक तास रिकामा होता, पण त्यांचं नाव सरांनी लिहिलं नाही. फरहत मॅडमचे दोन दिवसांत नऊ तास होते. नऊही ठिकाणी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. पुढच्या आठवड्याचे तीन दिवस मुलं शाळेत नसणार होती, ते सुटले.

गुरुवारी पाचव्या तासाला हॉलमध्ये त्यांचा निरोप समारंभ ठरलेला होता. सालमियाहून डायरेक्टर येणार होते. पाचव्या तासाला दुसरी अ ला हिंदी होतं. जुईली मॅडम तक्ता बघून धावत आल्या.

"सर, हे काय? तुमचाच कार्यक्रम, आणि तुम्ही वर्गावर? मी घेते ना दुसरी अ."

"तुम्ही नाही म्हणायला शिकताय ना?"

"मस्करी पुरे, सर. डायरेक्टर येऊन बसलेत."

"त्यांना सांगा, सुरू करा. वर्ग रिकामा ठेवता येत नाही. झालं की येतो."

दुसरी अ मध्ये चौदा मुलं उरली होती. सरांना लहान मुलांना शिकवून खूप वर्षं झाली होती आणि हिंदीची बाराखडी फळ्यावर काढताना हात दुखत होता. पायही दुखत होते. खुर्ची लहान मुलांच्या वर्गातली, बुटकी. खालच्या हॉलमधून माइकची खरखर ऐकू येत होती, मग कोणाचं तरी भाषण. शब्द कळत नव्हते.

"हमारी मिस कहाँ है?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"गावी गेली आहे. आईकडे," सर हिंदी सोडून मराठीतच म्हणाले. मग ते लक्षात आल्यावर पुन्हा हिंदीत सांगितलं.

"कब आएगी?"

"पाँच दिन की छुट्टी है."

मुलीचं समाधान झालं. तिने वही पुढे केली. का, कि, की असं लिहिलं होतं, आणि एक वेलांटी उलटी काढली होती. सरांनी तिचा हात धरून ती नीट काढून घेतली. मग दुसऱ्या बाकाकडे गेले. अजून तेरा वह्या बघायच्या होत्या.